दुकानात नुसतं व्हिनेगर होतं, मग महिन्याभरात सगळं आलं. पण कुणासाठी?

अर्धा_कप (रवि, रात्री १०:१२)

मंडळी, गेली दोन वर्षं पोलंडमध्ये, व्रोत्सवाफला आहे. आयटीतली नेहमीची हमाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते घरमालकीणबाईंबद्दल. वय सत्तरीच्या पुढे, खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. इथे बाईमाणसाला ‘पानी’ म्हणतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात माझी काय फजिती झाली असेल ती तुम्हीच ओळखा.

परवा भाडं द्यायला गेलो तर त्यांनी टेबलाच्या खणातून एक नोट काढून दाखवली. दहा लाख झ्लॉटींची! १ जानेवारी १९९५ ला इथे चार शून्यं उडवली, तेव्हा हिचे शंभर झाले. बदलून घ्यायची मुदत २०१० अखेरपर्यंत होती, पण बाईंनी मुद्दाम ठेवून दिली. नवऱ्याच्या शेवटच्या पगारातली आहे म्हणे. तो सरकारी कारखान्यात जोडारी होता, १९९३ मध्ये घरी बसवलं.

मग चहा झाला आणि बाई सुरू झाल्या. ऐंशीच्या दशकात दुकानाच्या फळीवर काय, तर व्हिनेगरच्या बाटल्या. पुढून मागून व्हिनेगरच. मांसाला रेशनची कुपनं, तीही १९८९ च्या उन्हाळ्यापर्यंत. आणि १ जानेवारी १९९० ला अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांनी एका फटक्यात बहुतेक भाव मोकळे सोडले, अनुदानं कापली, झ्लॉटी डॉलरला ९५०० वर बांधला, आयात खुली केली. सरकारी कारखान्याने ठरल्यापेक्षा जास्त पगारवाढ दिली तर त्यावर जबर कर. त्या एका जानेवारीत भाव जवळपास ८० टक्क्यांनी चढले. आणि दुकानं भरली. बाई म्हणाल्या, "आधी तीन तास रांगेत जायचे, मग तेच तीन तास काचेतून बघण्यात जायला लागले."

तर प्रश्न असा: हे असं एका फटक्यात करणं बरोबर होतं का? चीनसारखं सावकाश केलं असतं तर बाईंच्या नवऱ्याची नोकरी वाचली असती का? माझं अर्थशास्त्र बारावीपर्यंतचं आहे, तेव्हा जपून मारा.

गोट्या (रवि, रात्री १०:१५)

पहिला! आता वाचतो.

कोल्हापुरी_कट (रवि, रात्री १०:४१)

अवांतर आहे, पण पोलंड म्हटलं की आमच्याकडे आधी वळिवडे आठवतं. दुसऱ्या महायुद्धात पाचेक हजार पोलिश निर्वासित कोल्हापूरजवळ राहिले होते, १९४३ ते ४८. बायका आणि पोरंच जास्त. माझी आजी सांगायची, त्यांच्या पोरी फाडफाड मराठी बोलायच्या. बाईंना विचारून बघा, त्यांच्या ओळखीत कुणी ‘कोल्हापूरकर’ निघेलही.

बाकी चालू द्या. व्हिनेगरवर चर्चा म्हणजे आंबट होणारच.

कंसातला_मी (रवि, रात्री ११:३०)

आधी थोडा विदा, म्हणजे आकडेवारी. नाहीतर हा धागा ‘आमच्या ओळखीचा एक जण’वर चालेल.

पोलंडचं एकूण उत्पादन १९९० मध्ये ११-१२ टक्के आणि १९९१ मध्ये ७ टक्के घसरलं. बेकारी शून्यावरून १९९३ अखेर १६ टक्क्यांवर गेली. हे सगळं खरं. पण १९९२ पासून वाढ सुरू झाली ती कोरोनापर्यंत एकही वर्ष खंडली नाही. २००९ च्या मंदीत युरोपीय संघात वाढलेली अर्थव्यवस्था एकच, पोलंडची.

आता ‘सावकाश’वाल्यांसाठी. शेजारच्या युक्रेनने सावकाशच केलं. भाव अर्धवट मोकळे, कारखान्यांना नोटा छापून कर्जं. १९९३ मध्ये तिथली महागाई वर्षाला १०,००० टक्क्यांच्या वर होती. दहा हजार! टंकताना शून्य जास्त पडलेलं नाही.

त्यामुळे ‘झटका वाईट, सावकाश चांगलं’ असं सोपं गणित मला पटत नाही.

माळरान (सोम, सकाळी ७:०५)

@कंसातला_मी, तुमच्या आकड्यांत माणसं मरत नाहीत वाटतं? रशियातही झटकाच दिला होता. तिथल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात ६५ च्या आसपास होतं, १९९४ मध्ये ५८ च्याही खाली आलं. युद्ध नाही, साथ नाही. सहा-सात वर्षांत सात वर्षं आयुष्य कमी. हे कुठल्या स्तंभात मांडणार?

आणि पोलंडचं कौतुक करताना हेही सांगा की १९९१ मध्ये धनको देशांनी त्यांचं निम्मं कर्ज माफ केलं. आम्हालाही निम्मं माफ करा, आम्हीही शिस्तीत वागू.

गोट्या (सोम, सकाळी ९:२०)

माझ्या गृहकर्जाला पण हीच योजना लागू करा. +१००

सोव्हिएत_सातारी (सोम, रात्री ९:५५)

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. १९८९ ते ९५ मॉस्कोत होतो, शिष्यवृत्तीवर वैद्यकीला. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहितो.

आमच्या हॉस्टेलच्या दारात किल्ल्यांच्या फळीपाशी एक बाई बसायच्या. आम्ही त्यांना त्योत्या म्हणायचो, म्हणजे मावशी. रात्री अकरानंतर आलं की झापायच्या आणि मग बीटचं सूप द्यायच्या. त्यांच्या बचत खात्यात तीन हजार रूबल होते. कशासाठी, तर स्वतःच्या अंत्यविधीसाठी. कुणावर भार नको म्हणून.

पहिला धक्का २२ जानेवारी १९९१ ला. रात्री टीव्हीवर जाहीर, ५० आणि १०० रूबलच्या नोटा रद्द. बदलायला तीन दिवस, तेही हजार रूबलपर्यंत. २०१६ च्या नोव्हेंबरात सगळे रांगेत उभे होते तेव्हा मी बायकोला म्हटलं, हे नाटक मी आधी बघितलंय, थंडीसकट. त्योत्या तेव्हा वाचल्या, कारण पैसे खात्यात होते.

मग २ जानेवारी १९९२. रशियाचे तेव्हाचे उपपंतप्रधान गैदार यांनी भाव मोकळे केले. वर्षअखेर भाव २६ पट झाले होते. त्योत्यांच्या खात्यात आकडा तोच, तीन हजार, पण किंमत जुन्या सव्वाशे रूबलचीही नाही. त्या एकदाही ओरडल्या नाहीत. पासबुक मात्र रोज काढून बघायच्या, चष्मा पुसून पुन्हा बघायच्या, जणू छपाईत काही चूक असेल.

जानेवारीच्या शेवटी हुकूम निघाला की कुणीही कुठेही विकू शकतं. मॉस्कोतल्या लुब्यांका चौकाजवळच्या खेळण्यांच्या मोठ्या दुकानाबाहेर दुतर्फा माणसं उभी. एकीच्या हातात एकच बूटजोड, दुसऱ्याकडे सिगरेटची चार पाकिटं, एकाकडे नळाची तोटी. काहींनी हुकमाचं वर्तमानपत्रातलं कात्रण कोटाला टाचणीने लावलेलं, पोलीस आला तर दाखवायला. सत्तर वर्षं ज्याला काळाबाजार म्हणून तुरुंगात टाकायचे, तेच आता कात्रण लावून चालू.

आणि व्हाउचर! ऑक्टोबर १९९२ पासून प्रत्येक नागरिकाला दहा हजार रूबलचं खाजगीकरणाचं व्हाउचर. खाजगीकरणाचे मंत्री चुबैस यांनी सांगितलं होतं, पुढे याची किंमत दोन व्होल्गा गाड्यांएवढी होईल. त्योत्यांनी त्यांचं मेट्रोबाहेर दोन व्होडकाच्या बाटल्यांना विकलं. त्या पीत नव्हत्या. बाटल्या प्लंबरला दिल्या, हॉस्टेलचा गळका पाइप दुरुस्त करायला. सोव्हिएत कारखान्यांतला माझ्या ओळखीचा हिस्सा असा नळात गेला.

तेव्हा माळरान, तुमचा राग मला कळतो. पण झटका नव्हताच तो, अर्धा झटका होता. भाव सुटले, दुकानं मात्र सरकारी मक्तेदारीचीच. आणि त्याच उन्हाळ्यात मध्यवर्ती बँकेने कारखान्यांना पुन्हा भसाभसा पैसे दिले.

तिरफळ (सोम, रात्री १०:४०)

सातारीकाका, दंडवत. त्योत्यांच्या पासबुकापाशी थांबले मी थोडा वेळ.

अर्धा_कप (सोम, रात्री १०:५२)

काका, वेगळा धागाच काढा ना! खरंच.

पाचवी_ब (मंगळ, दुपारी १:१५)

चीनचं नाव निघालंय म्हणून. कामानिमित्त नऊ वर्षं तिथे ये-जा केली, थोडंफार कानावर पडलं.

तिथली युक्ती म्हणजे दोन भाव. कारखान्याने ठरलेला कोटा सरकारला सरकारी भावाने घालायचा, त्यावर जे जास्तीचं निघेल ते बाजारभावाने विकायचं. जुनं कुणाचं काढून घेतलं नाही, नवीन वरून घातलं. शेतीत तर त्याही आधी. १९७८ मध्ये आनह्वे प्रांतातल्या श्याओगांग गावात १८ शेतकऱ्यांनी चोरून कागद केला, अंगठे उठवले आणि जमीन घराघरांत वाटून घेतली. नंतर सरकारनेच तो प्रकार देशभर नेला. आपल्या खंडाने कसायच्या पद्धतीसारखंच म्हणा: सरकारचा वाटा घाला, उरलेलं तुमचं.

पण हे गोड चित्र पुरं नाही. एकाच पोलादाला दोन भाव असले की मधे कोण बसतो? ज्याच्या हातात परवाना. साहेबांच्या पोरांनी सरकारी भावाने उचललं आणि बाहेरच्या भावाने विकलं. १९८९ मध्ये लोक रस्त्यावर आले त्यात या लुटीचा राग आणि महागाई दोन्ही होतं.

आणि @अर्धा_कप, तुमच्या बाईंच्या नवऱ्याबद्दल. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात चीनच्या सरकारी कारखान्यांतूनही कोट्यवधी लोकांना काढलंच. ईशान्येकडच्या जुन्या औद्योगिक शहरांत तर गल्लीच्या गल्ल्या रिकाम्या बसलेल्या. नोकरी वाचली नसती, पाच-सात वर्षं उशिरा गेली असती.

माळरान (मंगळ, दुपारी १:४०)

पाच-सात वर्षं म्हणजे कमी झालं का हो? तेवढ्यात पोरगी पदवीधर होते. बापाचा पगार त्याच वर्षांत लागतो.

पाचवी_ब (मंगळ, दुपारी १:५२)

हे मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ट्यूबलाइट (मंगळ, संध्या ६:३०)

त्या झटक्याची एक ठेच अंधेरीतही लागली होती, तेवढी नोंद करतो.

एमआयडीसीत आमचा मलमाच्या ट्यूबा बनवायचा छोटा कारखाना होता. अल्युमिनियमच्या, शेपूट दुमडायच्या. ज्या औषधवाल्यांना आम्ही द्यायचो त्यांचा निम्म्याहून जास्त माल रशियाला. रुपया-रूबलचा करार होता, पैसे रुपयात मिळायचे, डॉलरची भानगड नाही. गुणवत्तेची कटकट बेताची. आम्ही त्याला ‘जावयाची ऑर्डर’ म्हणायचो. नाकारायची नाही आणि पैसे सासरा देणार.

१९९१ च्या पावसाळ्यानंतर ऑर्डरी बंद. रशियन अक्षरं छापलेल्या ट्यूबांची खोकी गोदामात पडून. पुढे जानेवारी १९९३ मध्ये दोन्ही सरकारांचा जुन्या कर्जाबद्दल करार झाला, त्यातून मोठ्यांचा माल पुन्हा जायला लागला. तोवर आमची मशिनं विकली गेली होती. त्या ट्यूबा वडिलांनी भंगारात दिल्या, पण एक खोकं ठेवलं. माझ्या मुलांनी त्यात रंग भरून खेळले.

आपल्याकडेही १९९१ मध्ये धोरण बदललं, आणि आम्ही दोन्हीकडून सापडलो. पण प्रामाणिकपणे सांगतो, आमची ट्यूब खुल्या बाजारात टिकण्यासारखी नव्हती. झाकण गळायचं.

गोट्या (मंगळ, संध्या ६:४४)

"झाकण गळायचं" हे वाक्य समाजवादाच्या थडग्यावर कोरा.

तिरफळ (मंगळ, रात्री १०:२०)

मी लाइपझिशला असते, त्यामुळे पूर्व जर्मनी माझ्या वाट्याला. तो तर सगळ्यात मोठा झटका, आणि तोही पैसेवाल्या भावाच्या घरात.

१ जुलै १९९० ला पश्चिमेचा मार्क आला. पगार एकास एक. बचतसुद्धा मोठ्या माणसाला चार हजारांपर्यंत एकास एक, साठीच्या पुढच्यांना सहा हजार, मुलांना दोन, वरचे दोनास एक. लोकांनीच मागितलं होतं ते, मोर्चातली घोषणाच होती की मार्क आला तर आम्ही थांबू, नाही आला तर आम्हीच त्याच्याकडे जाऊ. कुणाला दोष देणार?

पण कारखान्याच्या बाजूने बघा. आधी निर्यात करताना पूर्वेचे चारेक मार्क खर्च करून पश्चिमेचा एक मिळत होता. रातोरात पगार पश्चिमेच्या मार्कात. मालाची किंमत चौपट झाल्यासारखीच. रशियन गिऱ्हाईकही गेलं, त्यांच्याकडे मार्क कुठले? ट्रॉयहांड नावाच्या सरकारी संस्थेकडे सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाख कामगार सोपवले होते. १९९४ अखेर काम गुंडाळलं. फायदा होईल असा अंदाज होता, अडीचशे अब्जांहून जास्त मार्कांचा खड्डा निघाला.

माझ्या प्रयोगशाळेतल्या सहकारिणीची आई सूतगिरणीत होती. गिरणी बंद झाली. आता इथल्या जुन्या गिरण्यांत चित्रकारांचे स्टुडिओ, कॉफी, विटांच्या भिंती तशाच ठेवलेल्या. ती मला कौतुकाने दाखवायला घेऊन गेली. मी म्हटलं, अगं, माझं माहेर लोअर परळचं. मला हे सगळं पाठ आहे, फक्त आमच्याकडे चित्रकार आले नाहीत, मॉल आले.

मात्र एक फरक. तिच्या आईला बेकारभत्ता मिळाला, पुढे पेन्शनही मिळाली. आमच्या चाळीतल्यांना पोरं आखातात पाठवावी लागली.

कंसातला_मी (मंगळ, रात्री ११:०८)

तिरफळताई, चांगला मुद्दा. म्हणून मला वाटतं की वेगापेक्षा दोन गोष्टी बघाव्या. पडणाऱ्याला खाली जाळी होती का, आणि कारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या खिशात गेल्या.

दुसऱ्यासाठी रशियाचं १९९५ बघा. सरकारकडे पैसे नव्हते म्हणून बँकांकडून कर्ज घेऊन तारण म्हणून सरकारी कंपन्यांचे शेअर दिले. नोरिल्स्क निकेल या सरकारी खाण कंपनीचा ३८ टक्के हिस्सा १७ कोटी डॉलरला गेला. लिलाव चालवणारी बँक आणि जिंकणारी बँक एकच! हे झटका की सावकाश? भाव सुटून चार वर्षं झाली होती. सावकाशीने केलेली चोरी म्हणा.

कोल्हापुरी_कट (बुध, सकाळी ८:१५)

लिलाव चालवणारा आणि जिंकणारा एकच, यात रशियाचं एवढं काय कौतुक? आमच्या भागात बंद पडलेल्या साखर कारखान्यांची विक्री बघा कधी.

माळरान (बुध, सकाळी ८:३०)

कट, त्यासाठी आधी तो कारखाना बंद का पडला ते बघा. सरकार थकहमी देतंय, बुडालं तर पॅकेज येतंय, मग कोण कशाला हिशेब ठेवतो? कोर्नाई नावाच्या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाने समाजवादी कारखान्यांबद्दल नेमकं हेच लिहिलं होतं. बजेटची भिंत मऊ असली की माणूस तिला टेकूनच चालतो.

(हो, मी डावा असून हे लिहितोय. स्क्रीनशॉट काढून ठेवा.)

गोट्या (बुध, सकाळी ८:३३)

काढला.

कोल्हापुरी_कट (बुध, सकाळी ८:५०)

आमच्या कारखान्यावर जाऊ नका राव. ऊस कुणी घेतला असता मग? खाजगीवाला वजनात मारतो, हे पण लिहून ठेवा.

सोव्हिएत_सातारी (बुध, सकाळी ९:४०)

साखर कारखाना आला, म्हणजे धागा आता सुखरूप घरी पोचला. अर्धा_कप, तुम्ही बाईंना विचारलंत का परत?

अर्धा_कप (गुरु, रात्री ९:१८)

विचारलं. काल डाळ-तांदळाची खिचडी घेऊन गेलो होतो, त्यांना फार आवडते, वर आंबट मलई घालून खातात (माफ करा).

आधी कट यांच्यासाठी: वळिवडे ऐकलेलं नाही, पण ‘भारतातली पोलिश मुलं’ हे माहीत होतं, टीव्हीवर बघितलं म्हणे.

मग तुमचा सगळा धागा मोडक्या पोलिशमध्ये सांगितला. बाल्त्सेरोविच म्हटल्यावर त्यांनी हात झटकला. त्यांच्या भावाचं घर सरकारी शेतावर होतं. ती शेतं गुंडाळली तेव्हा अख्खं गाव बसलं, भाऊ पुढे ‘बाल्त्सेरोविच चले जाव’च्या मोर्चांना जायचा. पोलंडमध्ये बहुतेक शेती कम्युनिस्ट काळातही खाजगीच होती, पण सरकारी शेतांवरच्या मजुरांना ना जमीन, ना दुसरं गाव.

पण त्यांना स्वतःला काय आठवतं माहितीये? खाट. घडीची कॅम्पखाट. १९८९ पासून कायदा आला होता की ज्याला मनाई नाही तो धंदा कुणीही करावा, आणि गंमत म्हणजे तो शेवटच्या कम्युनिस्ट सरकारनेच केला होता, विल्चेक नावाच्या मंत्र्याने. बाई गाडीने बर्लिनला जायच्या, मोजे आणि अंतर्वस्त्रं घेऊन यायच्या आणि चौकात खाटेवर मांडायच्या. शेजारची खाट हायस्कूलच्या भूमितीच्या बाईंची. नवरा घरी बसला तेव्हा घर या खाटेवर चाललं. चार वर्षं. मी विचारलं, मग बरंच झालं की? तर म्हणाल्या, "तो मोजे विकायला कधी आला नाही. खाट उचलून मात्र द्यायचा, अंधारात, कुणी बघायच्या आत."

आणि अंडी. १९९० च्या जानेवारीत अंडी एकदम महागली. बाई दहाऐवजी चार घ्यायला लागल्या, सगळ्याच घ्यायला लागल्या. काही आठवड्यांनी दुकानदारानेच पाटीवरचा आकडा खोडून कमी केला. चाळिशीच्या आसपासच्या बाई, आयुष्यात पहिल्यांदा भाव खाली आलेला बघत होत्या. त्यांना वाटलं अंडी नासकी असणार. म्हणून त्या दिवशी घेतलीच नाहीत.

ट्यूबलाइट (गुरु, रात्री ९:३१)

आमच्या वडिलांनीही असंच केलं असतं.

गोट्या (गुरु, रात्री ९:४०)

खिचडीवर आंबट मलई?? मूळ प्रश्न बाजूला ठेवा, आधी यावर बोला.